बुकोममधलं पोटऱ्यांचं यंत्र

मित्रांनो, मी पोटऱ्यांच्या व्यायामाचं एक जुनं यंत्र आहे. अक्रा शहरातल्या बुकोम वस्तीत, बॉक्सरांच्या उघड्या व्यायामशाळेत माझा मुक्काम. मोडीत निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून मला घडवलं. ट्रकने निदान मासळी तरी वाहिली. माझ्या वाट्याला छाती फुगवणारे आले.

काम सोपं आहे. गुडघ्यांवर दांडा घ्यायचा, चवडे फळीवर टेकवायचे, टाचा सावकाश खाली न्यायच्या, क्षणभर थांबायचं आणि तितक्याच सावकाश वर. पण लान्ते नावाचा पहिलवान मोठमोठ्या प्लेटा चढवतो, उकळत्या भांड्याच्या झाकणासारखा थडथडतो आणि शेवटी दांडा धाडकन सोडतो. त्या आवाजालाच तो ताकद समजतो.

इथेच सराव करणाऱ्या अदुकवेई या बॉक्सर पोरीच्या टाचेमागची नस दुखावली होती. होमोवो या सुगीच्या सणानंतर तिची लढत होती, टाचेने साथ दिली तर. वस्ताद ओकान्तेंनी तिला एकच लहान प्लेट दिली.

“अगं, ही प्लेट आहे की बिस्कीट?” लान्ते खिदळला.

झालं! पोरीने रागाने मोठ्या प्लेटेला हात घातला.

“थांब, आधी बघून घे,” म्हणत लान्ते स्वतःच बसला, थडथडला आणि दांडा सोडला. धाड!

सणाआधीचा तो महिना. मका पेरलेला, तो शांततेत वाढावा म्हणून रीतीप्रमाणे गावात ढोल बंद, गोंगाट बंद. पुजाऱ्यांची माणसं दारात हजर.

“कोण रे तो ढोल बडवतोय?”

“ढोल नाही काका, व्यायाम चाललाय,” लान्ते म्हणाला.

“मग मुक्याने कर!”

आणि सण होईपर्यंत त्यांनी मोठ्या प्लेटा उचलून नेल्या.

“आता दोघांनीही बिस्किटंच खा,” वस्ताद म्हणाले. “पंधरा वेळा. आवाज नको.”

नवव्या वेळेला लान्तेच्या पोटऱ्या लटपटल्या. “आज झोपच नीट झाली नाही,” तो म्हणाला. अदुकवेईने पंधरा पूर्ण केले, दांडा आकड्यात अडकवला आणि मगच पाय काढले. महिनाभर हेच. सणानंतरच्या लढतीत ती आठही फेऱ्या चवड्यांवर राहिली आणि जिंकली.

प्लेटा परत आल्या. लान्तेची धाडधाडही.

मित्रांनो, शेवटी विनवणी करायची रीत आहे, म्हणून करत आहे: मला तेल द्या, वजन बेताचं घ्या, टाचा हळू उतरवा. आपटलंत तरी माझी हरकत नाही. माझा सांधा निखळला तर वेल्डिंगचा डाग देता येतो. टाचेला डाग देणारा कारागीर मात्र मी अजून पाहिलेला नाही.