नकाशावरचं शौचालय

देवनारच्या गल्ली नंबर चारमध्ये बायकांसाठी शौचालय बांधून झालं. बारा सीटचं, चोवीस तास पाणी, दाराला आतून कडी.

आता हे विसरा. असं काही झालंच नाही.

झालं ते दीप्तीच्या आईचं, राधाबाईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन. गल्लीतल्या बायकांचं शौचालय हमरस्त्यापलीकडे. मधे कचऱ्याचे डंपर, आणि डंपर काही गुडघा बघून ब्रेक मारत नाहीत. राधाबाईंनी यावर उपाय काढला: दुपारच्या जेवणानंतर पाणी प्यायचंच नाही. डॉक्टर म्हणाले, "मावशी, किडनीची वाट लागेल." म्हणून दीप्तीने गल्लीत शौचालय मिळावं असा अर्ज केला. उत्तर आलं, 'सदर गल्लीत परदेशी मदतीतून शौचालय पूर्ण झाले असल्याने दुसरे मंजूर करता येत नाही.'

मदत करणाऱ्या त्या देशाचं सरकार भलतंच पारदर्शक. कुठे किती पैसे दिले, सगळं वेबसाइटवर उघडं. रविवारी सकाळी दीप्तीने मोबाइलवर ती उघडली. मंजूर, दिलेले, खर्च झालेले असे तीन रकाने, आणि तिन्हींत आकडा एकच. बाजूला हिरव्या अक्षरात 'पूर्ण'. खाली नकाशा, नकाशावर निळा ठिपका. तिने ठिपका मोठा करून बघितला. तो थेट त्यांच्या घरावर होता, साधारण मोरीच्या आसपास.

"आई, शौचालय आपल्या घरात आहे."

राधाबाईंनी मोरीत डोकावून पाहिलं. "बारा सीटचं?"

"हो."

"मग अकरा भाड्याने देऊ गं."

दीप्तीला हसू आलं नाही. सोमवारी तिने हाफ डे टाकला आणि ज्या ऑफिसातून उत्तर आलं होतं, ते चेंबूरला जाऊन गाठलं. तिथल्या विद्याधर साहेबांनी तिच्या मोबाइलवर बोट फिरवलं.

"डेटा वाचायला शिका, ताई. 'दिलेले' म्हणजे त्यांच्या खिशातून सुटलेले. 'खर्च झालेले' म्हणजे काम घेतलेल्या संस्थेच्या खिशातून सुटलेले. 'पूर्ण' म्हणजे पैसे पूर्ण झाले."

"आणि शौचालय?"

"त्याचा रकाना नसतो."

तपशील उघडला, तर त्या देशातल्याच सल्लागारांची फी, त्यांची विमानाची तिकिटं, त्यांनी छापलेला अहवाल. शिवाय अंधेरीच्या हॉटेलात 'स्त्रिया, स्वच्छता आणि सन्मान' या विषयावर तीन दिवस चर्चा, जेवणासकट. बांधकाम: पुढील टप्पा.

"म्हणजे त्यांचे पैसे त्यांच्याकडेच गेले?"

"पण मदत आपल्या नावावर लागली ना!"

"त्या हॉटेलात संडास होता?"

"होता म्हणजे? झकास! बसलं की सीट आपोआप गरम होते," साहेब खुलले. "मी तिन्ही दिवस होतो."

दीप्तीच्या कानशिलांतून वाफ यायची बाकी होती. "मग ठिपका आमच्या घरावर का?"

"पत्ता दिलेला नसला की कॉम्प्युटर त्या भागाचा मध्य धरतो. तुम्ही बरोब्बर मध्यावर राहता, त्याला आम्ही काय करणार?"

तिने तिथेच उभ्या उभ्या वेबसाइटवर तक्रार टाकली. उत्तर आलं, 'आपल्या सहभागाबद्दल आभार.' आणि दुसऱ्या दिवशी 'समाधानी लाभार्थी'च्या आकड्यात एकाची भर पडलेली.

त्या संध्याकाळी राधाबाईंनी नेहमीसारखा पेला पालथा घातला. दीप्तीने तो सुलटा केला आणि काठोकाठ भरला.

"पी."

"आणि मग जाऊ कुठे?"

"तेच विचारते त्यांना," दीप्ती म्हणाली आणि कागद पुढे ओढला.

'महोदय,

विनंती की, सदर शौचालय संकेतस्थळावरून उतरवून गल्ली नंबर चारमध्ये आणण्यात यावे. तांत्रिक कारणास्तव ते शक्य नसल्यास, माझ्या आई (वय एकसष्ट, एक गुडघा नवीन) यांना दररोज संध्याकाळी सदर निळ्या ठिपक्यात प्रवेश करून, आतून कडी लावून, गरज असेपर्यंत बसण्याची लेखी परवानगी देण्यात यावी. अर्जदाराच्या आई आत्ताच एक पेला पाणी प्यायल्या आहेत, तरी परवानगी तासाभरात मिळावी, ही नम्र विनंती.'