एका खोलीतले तीन वर्ग

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी शाळेतून फोन आला, उद्या राहुलला घरीच ठेवा. का, तर साहेब मुलांना प्रश्न विचारतात आणि तुमचा मुलगा वर्गाची इभ्रत घालवतो. शब्द असे नव्हते, पण मी काही दूधखुळी नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले आणि म्हटलं, एक दिवस कशाला, कायमचाच ठेवते. एकाला कशाला, तिघांनाही ठेवते. माझं हे असंच आहे. डोकं तापलं की पुढचं दिसत नाही. तिघांचे दाखले पर्समध्ये घालून घरी आले तेव्हा मला फार मोठं काहीतरी जिंकल्यासारखं वाटत होतं.

मी डी.एड. केलेली आहे. नोकरी काही मिळाली नाही, त्यामुळे शिकवायची हौस तशीच पोटात पडून होती. राहुल आठवीचा, अनुजा पाचवीची आणि मनू पहिलीचा. आपलीच तीन पोरं, त्यात काय कठीण आहे? नवरा, प्रफुल्ल, लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करतो. तो भल्या सकाळी जातो तो दमूनच येतो. म्हणाला, "तुला झेपत असेल तर बघ बाबा." म्हणजे त्याने अंग काढून घेतलं.

सासरे मात्र बोलले. अण्णांची सगळी नोकरी लोअर परळच्या गिरणीत गेली. दोन दिवस ते माझ्याशी बोललेच नाहीत, मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "दीपिका, माझ्या आज्याला शाळेच्या दाराबाहेर बसवायचे. आत जायला आपल्या माणसांनी किती सोसलं. आणि तू आतली पोरं उचलून बाहेर आणलीस?"

"अण्णा, मी त्यांचं शिकणं नाही बंद केलं. फक्त शाळा बंद केली."

"आम्हाला त्यातला फरक कधी कळलाच नाही," असं म्हणून ते गॅलरीत जाऊन बसले. तेव्हापासून वर्ग सुरू झाला की ते तिथेच बसतात, पाठ आमच्याकडे करून.

मला एकच पाहिजे होतं. राहुलने न घाबरता तोंड उघडावं. तो मठ्ठ नाही, हे मी आई म्हणून नाही, बाई म्हणून सांगते. त्याला वेळ लागतो. प्रश्न विचारला की तो मान खाली घालतो, त्याचे ओठ हलायला लागतात आणि उत्तर येतं. शाळेत तेवढा वेळ त्याला कुणी दिला नाही. माझ्याकडे वेळच वेळ होता.

पण दहा बाय बाराच्या खोलीत एकाला विचारलेला प्रश्न तिघांना ऐकू जातो. ही गोष्ट मला डी.एड.ला कुणी शिकवली नव्हती. मी राहुलला विचारलं, "टाकीचा तीन पंचमांश भाग भरला, तेव्हा सहाशे लिटर पाणी झालं. पूर्ण टाकी किती लिटरची?" त्याचे ओठ हलायला लागले. आता येणार, आता येणार, असं मला दिसत होतं. तेवढ्यात मोरीत हात धुता धुता अनुजा ओरडली, "हजार!" आणि शंभराच्या पुढे मोजता न येणारा मनू पलंगाखालून ओरडला, "हजार! हजार!"

राहुलचे ओठ थांबले.

असं रोज व्हायला लागलं. अनुजाचा तरी काय दोष? दादाचं पुस्तक तिला स्वतःच्या पुस्तकापेक्षा आवडायचं, आणि तिची बुद्धी सुरीसारखी. मनूला तर आठवीचं 'प्रकाशाचं परावर्तन' पाठ झालं, बाराखडीच्या नावाने शंख. मी राहुलला पोटमाळ्यावर नेऊन बसवलं. तिथे त्याला मान वर करता येईना आणि उत्तर खालून आलंच. जिन्यात बसलो, तर शेजारच्या मालनताई पाण्याची कळशी घेऊन जाताना थांबून म्हणाल्या, "अगो, एवढा मोठा झाला तरी याला अजून हे येत नाय?" खालच्या बुद्धविहारात बसावं म्हटलं, तर तिथे सकाळी बालवाडी असते आणि दुपारी स्पर्धा परीक्षेची मुलं. दुसऱ्या एका शाळेत विचारलं, तर मुलाची आधी चाचणी घेऊ म्हणाले. चाचणी म्हटल्यावर राहुलने जेवणच टाकलं. माझी सगळी अक्कल संपली.

मग मी अनुजाला गॅलरीच्या कोपऱ्यात नेलं.

"अनू, दादाला विचारलेलं तू सांगू नकोस."

"मला येत असलं तरी?"

"येत असलं तरी. त्याला वाईट वाटतं गं. तू शहाणी आहेस ना?"

तिने मान डोलावली. खरंच शहाणी आहे ती. दुसऱ्या दिवसापासून घरात शांतता. राहुल सावकाश का होईना, उत्तरं द्यायला लागला. एकदा तर हसलासुद्धा. रात्री मी प्रफुल्लला म्हटलं, बघ, शाळेला नाही जमलं ते मला जमलं. मला एवढा आनंद झाला होता की अनुजाकडे माझं लक्षच गेलं नाही. तिची गणितं चुकायला लागली होती. आधी एखादं, मग निम्मी. मी तिला बोललेसुद्धा, मोबाइलमध्ये डोकं घालतेस म्हणून. ती गुपचूप ऐकून घ्यायची.

काल सकाळी मी तिला तिच्याच पुस्तकातलं विचारलं, "पाव किलो म्हणजे किती ग्रॅम?"

"दोनशे," ती म्हणाली.

"अडीचशे गं," मी म्हटलं आणि पुढे निघाले. राहुलने पेन्सिल खाली ठेवली.

"अने, परवा दुकानात कोण भांडलं? पाव किलो सांगून दोनशे ग्रॅमचं चहापत्तीचं पाकीट दिलं म्हणून? मी होतो ना तुझ्यासोबत. अख्खं दुकान बघत होतं."

अनुजा पुस्तकाची पानं उलटायला लागली.

"मम्मी, नाटक करते ही. माझ्यासाठी करते." त्याचा आवाज रडवेला झाला होता. "तू सांगितलंस ना तिला? म्हणजे मला जे येत होतं ते पण तसंच. ती गप्प बसायची म्हणून."

"नाही रे राजा, तुला येतं. तुला खरंच येतं."

"मला शाळेत परत घाल."

"तिथे? त्या लोकांत? ते तुला काय बोलायचे, विसरलास?"

"बोलू दे. तिथे मागचा बाक आहे, मम्मी. तिथे बसलं की दिवसभर कोण बघत पण नाय. इथे मी कुठे बसू?"

मी खोलीभर बघितलं. पलंग, कपाट, ओटा, मोरी. तो उठून गॅलरीत गेला आणि अण्णांच्या शेजारी उभा राहिला. अण्णांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी बोलायला पाहिजे होतं, मला चार शब्द सुनवायला पाहिजे होते. ते नुसते सरकले आणि राहुलला जागा दिली.

मला रडू फुटलं. शाळेने माझ्या एकाच मुलाचं तोंड बंद केलं होतं. मी दोघांचं केलं. भावासाठी मठ्ठ व्हायचं कसं, हे माझी पोरगी या घरात शिकली, आणि तिची बाई मी होते.

अनुजा माझ्याजवळ सरकली. तिने आपल्या फ्रॉकने माझे डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "मम्मी, मग आता मी खरं सांगू की खोटं?"

गॅलरीचं दार उघडंच होतं. राहुलची पाठ दिसत होती, पण कान इकडेच होते. खरं म्हणावं तर त्याला ऐकू जाणार होतं, खोटं म्हणावं तर तिला. मी मनूला जवळ ओढलं आणि त्याची पाटी पुसायला घेतली, तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं तरी.