बाहीची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी लोकरी पिशवी आहे. त्याआधी मी एका स्वेटरची डावी बाही होते.

दूर उत्तरेच्या बर्फाळ देशातल्या वाडसो गावच्या टोरबर्गबाईंना मधुमेह झाला, तेव्हा त्यांच्या नणंदेने मला कापून, गरम पाण्यात घोळवून घट्ट केले आणि शिवले. माझ्या पोटात इन्शुलिनच्या बाटल्या, टोपण लावलेल्या सिरिंजा आणि डॉक्टरांची चिठ्ठी असते. उन्हाच्या देशांत अशा पिशव्या औषध गार ठेवतात. माझे काम उलटे आहे. गोठलेले इन्शुलिन वितळले तरी कामाचे राहत नाही, म्हणून मी त्याला ऊब देते.

एकोणीस वर्षे मी विमानाने हिंडले. तपासणीला बाई मला आधीच बाहेर काढत. "यात सुया आहेत, औषधाच्या," असे सांगत. तपासनीस चिठ्ठी वाचून मला अलगद परत देत.

एका जानेवारीत बाई आठ दिवसांसाठी एका बेटावर, बहिणीकडे निघाल्या. तिथे औषधाचे दुकान नाही. विमान लहान, म्हणून मोठ्या बॅगा विमानाच्या जिन्यापाशीच सामानात घेत होते. बाईंचे यजमान ऐलिफ यांनी लगबगीने बाईंची बॅग देऊन टाकली. मी तिच्यातच होते! सामानाचा गाडा बर्फात उभा, थंडी उणे अठरा. मी जमेल तेवढी ऊब धरून ठेवली.

आत विमानात काय झाले, ते दोघांच्या तोंडून मी नंतर कितीदा तरी ऐकले आहे.

"ऐलिफ, माझी पिशवी?"

"बॅगेत. आता गप्प बस, लोकांचा खोळंबा होईल."

"आणि मी बेशुद्ध पडले, तर नाही होणार?"

तरीही बाई संकोचल्या. सगळे विमान आपल्यासाठी थांबवायचे? मग त्या उठल्याच आणि मोठ्याने बोलल्या, "माझं औषध खाली राहिलंय!"

मागून एक कोळी म्हणाला, "शोधा निवांत. मासे कुठं पळून चाललेत?"

सामान चढवणाऱ्या सुनिवाने बारा बॅगा उतरवल्या. तिने मला शोधून स्वतःच्या कोटात घेतले आणि जिना धावत चढली. तिच्या छातीची धडधड मला जाणवत होती. बाटल्या अजून उबदार होत्या. बेटावर पोहोचल्यावर जेवणाआधी बाईंनी त्यातलेच इंजेक्शन घेतले.

मुलांनो, घरात कोणी असे औषध घेत असेल, तर प्रवासात ते त्यांच्या जवळच आहे ना, एवढे विचारा. आणि कधी विमान थांबवावे लागले, तर लाजू नका. आत बसलेली माणसे चांगली असतात.