करंगळीएवढी वाट

“ख्वाजाभाई, नळीचा काठ कुठं लागता कामा नये. आधी बोट फिरवून बघा, मग रेशमी कापड ओढून बघा. एक धागा जरी अडकला, तरी नळी परत लेथवर चढवा.”

मित्रांनो, डॉक्टर मोहिनीबाईंचं हे बोलणं माझ्या जन्माच्या वेळचं. ते मला पाठ आहे, कारण त्यापायी मला सात वेळा लेथवर चढावं लागलं. मी एक जुनी नळी आहे. पोलादाची, करंगळीएवढी जाड आणि बोटभर लांब. कधीकधी माणसाच्या डोक्यातली रक्तवाहिनी अचानक फुटते, रक्त साकळतं, मेंदू दाबला जातो आणि आत्ता बोलणारं माणूस अर्ध्या अंगानं लुळं पडतं. अशा वेळी कवटीला रुपयाएवढं भोक पाडून मला हळूच आत सोडतात. मी वाट धरून ठेवायची आणि डॉक्टरांनी कॅमेऱ्यात पाहत, माझ्यातून ते साकळलेलं रक्त ओढून काढायचं. लोक याला दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात.

परदेशातली नळी एकदा वापरून फेकून द्यायची असते. तिची किंमत ऐकूनच लोक पेशंटला घरी घेऊन जात. म्हणून मोहिनीबाईंनी चांगलं पोलाद मागवलं आणि बीडमधल्या ख्वाजा मिस्त्रींना दिलं; वाफेत शुद्ध करून पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी नळी त्यांना हवी होती. मिस्त्रींनी रेशमी कापड म्हणून बायकोची, अमीरबीची, ओढणी उचलली.

“ईदची ओढणी हाय ती, लोखंडाला घासायला न्हाई,” अमीरबी म्हणाली.

“कुनाच्या तरी डोक्यात जायचीय ही नळी.”

“मग आधी माझ्या डोक्यातनं ईद जाऊ द्या,” असं म्हणत तिनं ओढणीचा एक पदर कापून दिला.

मिस्त्रींनी मला आरशासारखं चमकवलं. केवढा अभिमान त्यांना! पण ऑपरेशनचा दिवा लागला आणि माझ्या चकाकीनं मोहिनीबाईंचे डोळे दिपले. मिस्त्रींनी माझी चकाकी घासून उतरवली. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. नंतर उमजलं, की माझ्यासारखीनं दिसायचं नसतं, दाखवायचं असतं.

पाच वर्षं मी राबले. ऑपरेशन झालं की शाईस्ता सिस्टर मला स्वतःच्या हातानं धुवायच्या, उजेडाला धरून आरपार बघायच्या आणि म्हणायच्या, “शाब्बास, राणी.” जे वाचले नाहीत त्यांच्या वेळीही त्या मला तितक्याच जपून धुवायच्या. फक्त शाब्बास म्हणायच्या नाहीत.

मग एका घाईच्या दिवशी मी कुणाच्या तरी हातून फरशीवर पडले. काठाला तांदळाच्या दाण्याएवढी खोच आली. एवढ्यानंच माझं काम संपलं. माझ्या जागी नवी नळी आली आणि मी मोहिनीबाईंच्या टेबलाच्या खणात गेले, जुन्या पेनांच्या आणि सुकलेल्या डिंकाच्या बाटलीच्या शेजारी. बाहेर रुग्णवाहिकेचा आवाज आला की मी खणात तळमळायचे. कुणीतरी पडलंय, घड्याळ पळतंय आणि मी इथं डिंकाशेजारी.

पण एका सोमवारी दुपारी खण उघडला.

मोहिनीबाईंच्या समोर बंकटमामा बसले होते. गेवराईकडचे मेंढपाळ, खांद्यावर घोंगडी, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. शेजारी त्यांची सून योगिता. बंकटमामांची बायको रतनबाई सकाळी भाकरी थापता थापता कलंडली होती. उजवा हात गेला, बोलणं गेलं, आणि आता तिला गुंगी चढत होती.

“रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या का?” मोहिनीबाईंनी विचारलं.

“होत्या की. रोज घेती.”

योगिता खाली बघत होती. “सोमवारी अन् गुरुवारी न्हाई घेत आत्याबाई,” ती हळूच म्हणाली. “गोळीनं उपास मोडतो म्हनतेत. मंगळवारी दोन घेतेत. फिटाफीट.”

बंकटमामांनी सुनेकडं पाहिलं. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलगा लखन मेंढरांपाशी थांबला होता, तिकडूनच मोठ्यानं बोलत होता. “बा, लकव्याच्या औषधवाल्याकडं न्या तिला. तीन ऐतवारात हात उचलतो.”

“तीन रविवार आपल्यापाशी नाहीत, काका,” मोहिनीबाई म्हणाल्या. “डोक्यात रक्ताची गाठ झालीय, ती मोठी आहे आणि दाब वाढतोय. दोन रस्ते आहेत. एक, कवटीचा मोठा तुकडा काढून ऑपरेशन. दुसरा, दुर्बिणीचा.”

“दुर्बिणीनं लांबचं दिसतं, मॅडम. डोक्यातलं काय दिसनार?”

मग मोहिनीबाईंनी मला त्यांच्या हातात दिलं आणि माझं काम समजावलं. बंकटमामांनी मला उलटसुलट केलं. मोहिनीबाईंनी पुढं केलेला खर्चाचा कागद योगिताकडून दोनदा वाचून घेतला.

“भोक बारकं अन् खर्च जास्ती? असं कावून?”

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. याच एका प्रश्नावरून किती माणसं उठून गेलेली मी खणातून ऐकली होती.

“ऑपरेशनचा खर्च जास्त आहे, खरं,” मोहिनीबाई म्हणाल्या. “पण मोठ्या ऑपरेशननंतर आयसीयूच्या काचेच्या खोलीत बरेच दिवस जातात, तिथला प्रत्येक दिवस महाग. बारक्यात माझे पेशंट बहुतेक लवकर बाहेर आले. आणि घरी नेल्यावर मावशींना उचलायला दोन माणसं लागतात, एक लागतं की कुणीच लागत नाही, तोही खर्चच. गाठ मेंदूच्या वरच्या बाजूला आहे, म्हणून हा रस्ता सुचवते. पण खात्री देत नाही. जीव वाचला तरी हात पहिल्यासारखा चालेलच, असं नाही.”

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. मी बंकटमामांच्या घामेजल्या मुठीत घुसमटत होते. बोला हो, काहीतरी बोला. आत त्या माउलीचा मेंदू दाबला जातोय.

त्यांनी मला डोळ्याला लावलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. मग अंगठ्यानं माझं तोंड चाचपलं.

“योगिता, मेंढी फुगल्यावर ढोराचा डॉक्टर काय करतो गं?”

“कुशीत नळी घालतो, मामा. वारं भसकन निघून जातं.”

“पोट फाडतो का?”

“न्हाई.”

“फाडली असती तर वारं निघालं असतं, पन मेंढी उठली नसती.” त्यांनी मला अलगद टेबलावर ठेवलं. “बारकंच करा, मॅडम. आंगठा कुठं लावू?”

दाराशी थांबलेल्या शाईस्ता सिस्टर तयारीला धावत गेल्या. आत जायचा मान माझ्या धाकट्या बहिणीला मिळाला. मी टेबलावर पडून दोन तास मोजले.

रतनबाई वाचल्या. चौथ्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं. अकराव्या दिवशी योगिताच्या खांद्यावर हात ठेवून त्या मोहिनीबाईंच्या खोलीत चालत आल्या. उजवा हात अजून नीट उचलला जात नव्हता. शब्द अडखळत होते, पण पहिली तक्रार स्पष्ट होती. “सोमवार... चुकला.”

“सोमवार सोडा असं मी म्हणतच नाही,” मोहिनीबाई म्हणाल्या. “उपासाला पाणी चालतं ना?”

“चा... लतं.”

“मग त्याच पाण्याबरोबर गोळी घ्यायची. रोज एक. दोन कधीच नाहीत.”

रतनबाईंनी बराच विचार केला आणि मान डोलावली. योगिता मात्र जागची हलेना.

“मॅडम, आमच्या वस्तीवर आनखी सहा बाया अशीच फिटाफीट करतेत. मी घरोघरी जाऊन सांगते. शब्द देते तुमाला.” मग तिनं माझ्याकडं बोट केलं. “ही नळी देता का? नुसतं सुनेचं कोन ऐकतं? ही हातात घेतली की ऐकतील.”

मोहिनीबाईंनी मला पुसलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं.

मित्रांनो, अशी मी गेवराईच्या एसटीत बसले. तुमच्या घरी कुणी रक्तदाबाची गोळी घेत असेल, तर आज त्यांच्याजवळ बसून विचारा, उपासाच्या दिवशी ती घेता का? रागावू नका, फक्त विचारा. आणि कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं, तर रविवारची वाट बघू नका. तडक मोठ्या दवाखान्यात न्या. माझ्यासारख्या नळीला करंगळीएवढी वाट पुरते, पण ती वेळेवर मिळावी लागते.

आज सोमवार आहे. योगितानं सासूला पाण्याबरोबर गोळी दिली, गिळेपर्यंत समोर उभी राहिली. बंकटमामा मेंढरं घेऊन केव्हाच गेलेत. त्या सहा बायांतलं पहिलं घर सरस्वतीबाईंचं. त्या वस्तीत वयानं सगळ्यांत थोर, वीस वर्षं सोमवार धरणाऱ्या. त्यांना आजवर कुणी उलटून बोललेलं नाही. योगिता आपल्या दारात क्षणभर थांबली. मग मला पदराच्या टोकात बांधलं, डोक्यावर पदर सारखा केला आणि त्या घराच्या वाटेला लागली.