सातवा रिकामा तुकडा

मोगामी-सानने छापील कागदांचा गठ्ठा कुराहाशीच्या चहाच्या पेल्याशेजारी ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली. एरवी ती कागद टाकून, एखादा टोमणा मारून आपल्या टेबलाकडे निघून जाई.

"वाचा," ती म्हणाली. "शुक्रवारी तोक्योत जाहीर होणार आहे. मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्ही सोडून. तुमचं काय, आकाश वजा केलं की झाला दिवस."

कुराहाशी तामोत्सु हसला. त्याचं कामच ते होतं. 'हिबारी' नावाच्या उपग्रहाने दहा वर्षं आकाशातून येणारे क्ष-किरण टिपले होते. पण टिपलेलं सगळंच काही ताऱ्यांकडून आलेलं नसतं. कॅमेऱ्याची स्वतःची खरखर असते, भटके कण येऊन आदळतात, साऱ्या आकाशाची म्हणून एक मंद चमक असते. ही भेसळ किती, ते ठरवायला आकाशाचे सात रिकामे तुकडे निवडले होते. त्या सातांवरून कुराहाशीने एक फाइल बनवली होती. जगात कुणीही हिबारीची निरीक्षणं उघडली की त्यातून आधी ही फाइल वजा करायची. उरेल ते खरं. हिबारी कधीच समुद्रावर जळून गेला. फाइल मात्र चालू होती आणि वीस वर्षं तिची देखभाल कुराहाशी करत होता. चौपन्नाव्या वर्षीही त्याचं पद सहायकाचंच होतं. त्याचं त्याला काही वाटत नसे, निदान तो तसं म्हणे.

लेख त्याच्या गुरूंचा, हिराइवा सेन्सेईंचा होता. 'त्सुगुमी' या नव्या उपग्रहाला दोन दीर्घिकासमूहांच्या मधोमध तापलेल्या वायूचा एक लांबच लांब धागा दिसला होता. असे धागे असणार असं सगळे म्हणत, पण इतका स्पष्ट कुणाला गवसला नव्हता. दुसऱ्या पानावर जागेचे दोन आकडे होते. कुराहाशीला ते वाचावे लागले नाहीत. आपल्या घराचा फोन नंबर दुसऱ्याच कुणाच्या लग्नपत्रिकेवर छापलेला दिसावा, तसं त्याला झालं.

सातवा तुकडा.

"कळलं ना कुठे आहे ते?" मोगामी-सान म्हणाली. "आता पाचवं पान काढा. तळटीप."

तळटिपेत एकच वाक्य होतं. हा भाग निवडण्यामागे हिबारीच्या निरीक्षणांतली एक अप्रकाशित खूण होती. पुढे कंसात: हिराइवा, खासगी टिपण, नोव्हेंबर १९९९.

कुराहाशीने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला. वाक्य तेच होतं.

त्या नोव्हेंबरात उपाहारगृहाच्या कठड्याला सोललेली काकी फळं वाळत घातली होती. तिथेच तो तीन आलेख घेऊन सेन्सेईंपुढे बसला होता. सातव्या तुकड्यात एका जागी जराशी वाढ दिसत होती. नीट अंथरलेल्या चादरीखाली एखादा खडा राहावा, एवढीच. कॅमेऱ्याचा दोष असेल म्हणून त्याने रात्रीच्या पृथ्वीची निरीक्षणं काढून पाहिली. दुर्बिणीसमोर पृथ्वीची अंधारी बाजू आली की आकाश झाकलं जातं आणि कॅमेऱ्याची आपली खरखर तेवढी उरते. त्यात खडा नव्हता. म्हणजे तो आकाशातलाच होता. अकरा महिन्यांत तीनदा पाहिला, तीनही वेळा जिथल्या तिथे.

सेन्सेईंनी तिसरा आलेख बराच वेळ हातात धरला होता.

"सूर्यवाऱ्याची चमक आहे रे ही," ते म्हणाले होते. "सूर्याकडून सुटलेले कण पृथ्वीभोवतीच्या विरळ हवेला भिडतात, तिथली. आज आहे, उद्या नाही."

"पण सेन्सेई, अकरा महिने..."

"तीनदा पाहिलंस. तीनदा तर माझी बायकोसुद्धा माझं ऐकते!" ते मोठ्याने हसले, कुराहाशीही हसला. "पार्श्वभूमीत घालून टाक. या धंद्यात घाईने ओरडणाऱ्याचं दुसऱ्यांदा कुणी ऐकत नाही. तुझं हसं व्हावं असं मला वाटत नाही."

ते शेवटचं वाक्य त्याने आजवर जपलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाला आपली काळजी वाटली. दर वसंतात नवे विद्यार्थी आले की तो त्यांना ही हकिगत सांगे, सावधपणाचा धडा म्हणून.

"मलाही सांगितली होतीत," मोगामी-सान म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "माझ्या पहिल्याच आठवड्यात. मी वहीत उतरवून घेतली होती."

दुपारी सेन्सेई स्वतः आले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण दारावर टकटक न करण्याची सवय तीच. एका हातात सारण भरून भाजलेल्या गरम ओयाकीची कागदी पिशवी, दुसऱ्या हातात एक फॉर्म.

"कुराहाशी, घाईचं काम आहे. म्युनिकच्या लोकांनी ताडून पाहायला म्हणून हिबारीची जुनी निरीक्षणं काढली. त्यांना धागा दिसतच नाही म्हणे. दिसेल कसा? तुझी फाइल तो खाऊन टाकते! सातवा तुकडा काढ आणि शुक्रवारच्या आत नवी फाइल सोड. फॉर्म मी भरून आणलाय, तुला त्रास नको."

फॉर्मवर 'बदलाचं कारण' या रकान्यात लिहिलं होतं: किरकोळ दुरुस्ती. डावीकडच्या, वरिष्ठांच्या चौकोनात हिबारीचे मानद प्रमुख म्हणून सेन्सेईंचा लाल शिक्का उमटलेला होता. उजवीकडचा चौकोन कुराहाशीसाठी होता.

"सेन्सेई," तो म्हणाला, "तुम्हाला तेव्हाच वाटलं होतं का, की ते खरं आहे?"

"वाटणं वेगळं, माहीत असणं वेगळं. मीच शिकवलंय ना तुला?"

"टिपण नोव्हेंबरचं आहे."

सेन्सेईंनी पिशवीतून एक ओयाकी काढून त्याच्यापुढे ठेवली. मग खुर्ची ओढून बसले. ते थकलेले दिसत होते, आणि ते पाहून कुराहाशीला आणखीच अवघडल्यासारखं झालं.

"हे बघ. हिबारीच्या डोळ्यांनी ते सिद्ध झालं नसतं. तुझा आलेख बाहेर पडला असता, तर ज्यांच्याकडे मोठी दुर्बीण होती त्यांनी महिन्याभरात तो पळवला असता. मी नुसता सांभाळून ठेवला."

"माझ्यापासूनसुद्धा?"

"तुला खोटं बोलता येत नाही, बाबा. हा तुझा गुण आहे, मी चारचौघांत सांगत आलोय. तुला खरं सांगितलं असतं, तर तू तो फाइलीत घातला असतास का?"

कुराहाशीने मान हलवली. नसता घातला. आणि मग त्याला सगळं उलगडलं. लपवायला याहून चांगली जागा नव्हतीच. जगभरातली माणसं वीस वर्षं तो धागा आपापल्या हातांनी पुसत होती, आणि पुसायचं फडकं त्याने शिवून दिलं होतं.

"आभारांत तुझं नाव आहे," सेन्सेई म्हणाले.

"पाहिलं. फाइलीच्या देखभालीबद्दल."

"मग? पाचच्या आत शिक्का मारून वर पाठव. आणि ते खा रे, गार झालं की पीठ लागतं."

ते गेल्यावर कुराहाशीने लोखंडी कपाटातून १९९९ची फॉर्मची फाइल काढली. कारण त्याच्याच अक्षरात होतं: 'सातव्या तुकड्यातली वाढ सूर्यवाऱ्याची. पार्श्वभूमीत समाविष्ट.' कुणी सांगितलं म्हणून, त्याचा एक शब्द नाही. खाली त्याचा शिक्का, डावीकडे कललेला. हाताखालच्याने आपला शिक्का वरिष्ठांच्या शिक्क्याकडे झुकवून मारायचा, म्हणजे तो नमस्कार करतोय असं दिसतं. सेन्सेईंचे वडील बँकेत होते. तिथली ही रीत त्यांनी इथे आणली होती, आधी गंमत म्हणून.

फॉर्मला टाचलेले तीन आलेख त्याने सोडवून घेतले. चौथ्यांदा पाहायला कुणी अडवलं होतं? वीस वर्षांत एकदाही परत का पाहिलं नाही? आपण विश्वास ठेवला, की तो आळस होता आणि आपण त्याला विश्वास म्हणत होतो?

"मारू नका शिक्का," मोगामी-सान टेबलावरून म्हणाली. "सोमवारपर्यंत आजारी पडा. पोट बिघडलं म्हणा. त्या ओयाकीचंच नाव सांगा."

"मग फाइल चुकीचीच राहील."

"राहू दे की! तोंडावर पडू देत एकदा."

"नाही, मोगामी-सान. धागा आहे तिथे. तो नाही म्हणणारी फाइल माझ्या नावावर कशी ठेवू?"

त्याने संगणकावर सातवा तुकडा काढून टाकला, उरलेल्या सहांवरून नवी फाइल केली आणि हिबारीच्या जुन्या निरीक्षणांतून ती वजा केली. पडद्यावर खडा वर आला. काकी फळं वाळत होती तेव्हा होता, तेवढाच, तिथेच. मोगामी-सान उठून त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

मग त्याने सेन्सेईंचा फॉर्म बाजूला ठेवला. त्यांनी शिक्का मारला होता तो दुसऱ्या शब्दांखाली. त्याच कागदावर आपले शब्द लिहिणं त्याला बरं वाटेना. फाइल सोडायला सांभाळणाऱ्याचा एकच शिक्का पुरत असे, वरिष्ठांचा मागाहून उमटला तरी चाले. त्याने खणातून कोरा फॉर्म घेतला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं:

'सातवा तुकडा रिकामा नाही. तिथली वाढ १९९९ साली दिसली होती. रात्रीच्या पृथ्वीशी ताडून ती आकाशातली असल्याचं तेव्हाच आढळलं होतं. अकरा महिन्यांत ती बदलली नव्हती. तरीही हिराइवा यांच्या सांगण्यावरून मी ती खरखर म्हणून समाविष्ट केली. त्या वेळचे तीन आलेख सोबत जोडले आहेत. कुराहाशी.'

त्याखाली 'मला फसवून' असे दोन शब्द त्याने लिहिले, पाहिले, आणि नियमाप्रमाणे दोन रेघांनी खोडून त्यावर लहान शिक्का मारला. फसवल्याचा आलेख काही त्याच्याकडे नव्हता.

हाच मजकूर त्याने फाइलीसोबत जाणाऱ्या बदलांच्या यादीत टाइप केला. उद्या म्युनिकला फाइल उघडणारा माणूस आधी ती यादीच वाचणार होता. मग शिक्क्याला शाई लावली. या वेळी सरळ मारायचा, असं त्याने ठरवलं होतं. श्वास रोखून त्याने तो कागदावर टेकवला आणि उचलला.

मोगामी-सान वाकून पाहू लागली.

"कललाच शेवटी," ती म्हणाली.

खरंच कलला होता. डावीकडच्या कोऱ्या चौकोनाकडे, थोडासा.

"हाताला वळण पडलंय," कुराहाशी म्हणाला. "मजकूर वाचता येतोय ना?"

"येतोय."

"मग वर देऊन या. पाच वाजायला आलेत." आणि मागे वळून त्याने नवी फाइल सोडली.