विसाव्या प्रश्नातलं मूल

एकोणीस प्रश्न सुटले आणि लोरेटा काझमारेक विसाव्यावर आली. नर्सिंगच्या वर्गातली ही औषधाच्या मापांची परीक्षा. वीसपैकी वीस हवेत, एकोणीसवाल्याला घरचा रस्ता. दोनदा ती नापास झाली होती. आज झाली की नाव कटणार. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात वीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाईला सत्तेचाळिसाव्या वर्षी हे नसते उद्योग कुणी सांगितले, असं तिच्या बहिणीने तोंडावर विचारलं होतं. बहीणच ती, विचारणारच.

प्रश्न सरळ होता. मुलाचं वजन ४४ पौंड. दर किलो वजनाला औषध १० मिलिग्रॅम. बाटलीत दर ५ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. किती मिलिलिटर द्याल?

जितकं वजन, त्याच पटीत औषध, हे तिला आता झोपेतही येत होतं. चव्वेचाळीस दाहे चारशे चाळीस. शंभराला पाच, तर चारशे चाळीसला बावीस. लिहून ती मोकळी झाली.

मग तिने ते औषध मनातल्या मनात चमच्यात ओतलं. पाच मिलिलिटरचा एक चमचा. चार चमचे भरले, तरी औषध उरलंच. नातवाला तापात दोन चमचे देतानाही ती बाटलीवरची अक्षरं तीनतीनदा वाचायची. तिचं धाबं दणाणलं. पट बरोबर, गुणाकार बरोबर, मग चुकलं कुठे? चार मिनिटं उरली होती.

पौंड! जन्मभर बटाट्यांपासून बाळांपर्यंत सगळं पौंडात तोललेलं. तिने पौंडांनाच किलो धरून गुणलं होतं. किलोला २.२ पौंड. म्हणजे मूल वीस किलोचं, औषध दोनशे मिलिग्रॅम, म्हणजे दहा मिलिलिटर. बावीस खोडताना कागद फाटता फाटता वाचला.

वर्गाला शिकवणाऱ्या मिसेस ओडमनी पेपर तिच्यासमोरच तपासला. लोरेटा बरोबरची एकेक खूण मोजत होती.

"वीसपैकी वीस. सुटलीस बाई एकदाची! सोमवारी सकाळी सातला मुलांच्या वॉर्डात ये."

लोरेटा उठली. "मिसेस ओडम, तिथे माझं गणित कुणी तपासेल ना? मी आत्ता त्या पोराला बावीस दिले असते हो."

"तपासतील की. दुसरी नर्स असते, दर डोसाला."

"देवा, बरं झालं."

"आणि तिचं तू तपासायचंस."

लोरेटा पुन्हा खुर्चीत बसली.