मोहाच्या वाटेवरची घरशाळा

मंगलीच्या टोलीतली, म्हणजे जंगलातल्या तिच्या लहानशा वस्तीतली, शाळा दोन वर्षांपासून कुलपात होती. गुरुजी बदलून गेले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. म्हणून पंच्याऐंशी साली गडचिरोलीच्या एका संस्थेने धानोऱ्याकडच्या गावांत घरशाळा सुरू केली, तेव्हा टोलीतली चार घरं त्यात आली. पोरं घरीच शिकणार आणि प्रत्येक घराने एकेक काम उचलायचं, असं ठरलं. शेजारच्या गावची मीराबाई सातवी शिकलेली. ती आपल्या पडवीत शिकवू लागली.

मंगलीला अक्षर येत नव्हतं. "तं तू लेकरं आणत जा," मीराबाई म्हणाली. "जंगलातली वाट तुयाएवढी कोणाले ठाऊक हाये?"

टोलीतली बायनाबाई पोरीला पाठवायला तयार नव्हती. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली तिची एकुलती एक कौतिका सहा वर्षांची होती. मंगली तिच्याकडे तीनदा गेली. "माह्या लेकीसंग, इतवारीसंग नेतो, तिच्याचसंग आणतो," असं म्हणून तिनेच बायनाबाईला राजी केलं.

चैतात मोहाची फुलं गळायला लागली. त्या सकाळी मंगली पाच पोरं घेऊन निघाली. अर्ध्या वाटेवर, मोहाच्या मोठ्या झाडाखाली काहीतरी काळं हललं. अस्वल होतं. फुलं खाता खाता त्याने तोंड वर केलं आणि ते मागच्या पायांवर उभं राहिलं.

"पळू नोका," मंगली हळूच म्हणाली. पण इतवारीच ओरडली आणि पोरं पांगली. अस्वल फुत्कारत धावून आलं. मंगलीने हातातला शाळेच्या खडूंचा पत्र्याचा डबा दगडावर आपटला, पुन्हा पुन्हा आपटला, घसा फाटेस्तोवर ओरडली. दहा हातांवर अस्वल थबकलं, वळलं आणि टोलीच्या बाजूच्या झाडीत शिरलं.

तिने हाका मारल्या. एकेक करून चार पोरं आली. कौतिका आली नाही.

"कौते! ये कौते!"

झाडीत सुकल्या पानांचा आवाज तेवढा आला. इतवारी तिच्या लुगड्याला धरून उभी होती. थांबावं तर या चौघांचं काय? जावं तर त्या एकीचं काय? शेवटी अस्वल गेलं त्याच्या उलट बाजूला, मीराबाईच्या गावाकडे, तिने चौघांना पळवत नेलं. आपण मागे कोणाला टाकून आलो, हे वाटभर तिच्या डोक्यातून जाईना.

"कौती रायली," पडवीत पोचताच ती एवढंच बोलली.

मीराबाईने पाटी खाली ठेवली. गावातला मुखरू आणि आणखी दोघं कुऱ्हाडी, डबे घेऊन निघाले. मंगली सगळ्यांच्या पुढे होती. प्रत्येक झुडुपाशी काय दिसेल, या भीतीने तिची नजर खाली जायला तयार नव्हती.

कोरड्या नाल्याच्या काठाला, एका झाडाच्या उघड्या मुळांखाली कौतिका सापडली. कोपरं सोलली होती. डोळे उघडे, तोंड घट्ट मिटलेलं.

"बोलली काऊन नाई बाई?" मंगलीने तिला उराशी धरलं.

"तुयी हाक आयकली. पण मी बोलली असती तं त्यानं बी आयकलं असतं."

बायनाबाईला मंगलीने स्वतःच सगळं सांगितलं. आपण पोरीला सोडून गेलो, तेही. बायनाबाईने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने पोरीची कोपरं पाहिली, तिला आत घेतलं आणि दार लावलं.

दुसऱ्या एका घराने पोरं पाठवणं बंद केलं. मोह संपेस्तोवर मीराबाईच टोलीत येऊन शिकवेल, असं ठरलं. मग मंगलीला वेगळीच भीती लागली. मीराबाई त्याच वाटेने एकटी येई; ती दिसेपर्यंत मंगली दारातून हलत नसे. शेवटी ती रोज अर्ध्या वाटेपर्यंत सामोरी जाऊ लागली. जाताना अंगाला घाम फुटे, तरी जाई.

कौतिका आपल्याच दारात बसून पाढे ऐके. आई तिला खाली उतरू देत नव्हती.

मोह संपल्यावर, जेठात पोरं पुन्हा मीराबाईकडे जायची ठरली. पहिल्या दिवशी मंगली निघाली, तर बायनाबाई खांद्यावर कुऱ्हाड घेऊन उभी होती.

"आज मी बी येतो," ती म्हणाली. "रोज येईन."

"ये ना बाई."

मंगलीने सवयीने कौतिकापुढे हात केला. बायनाबाईने पोरीचा हात सोडला नाही. मंगलीने आपला हात मागे घेतला आणि पुढे होऊन वाट धरली.